नोकरी शोधणारे बाबासाहेब आणि कामगारांचे मजूरमंत्री

बाबासाहेबांचे नाव घेतले की चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांसमोर येते. पण याच माणसाने तरुणपणी नोकरीसाठी खेटे घातले, मिळालेली नोकरी अकरा दिवसांत सोडली, शिकवण्या घेतल्या, छोटा व्यवसाय सुरू करून तो बुडताना पाहिला, हे आपण फारसे बोलत नाही. आज हातात पदवी घेऊन परीक्षेच्या तारखेची वाट बघणारा, निकाल लागूनही नियुक्तीपत्र न मिळालेला, किंवा कंत्राटदाराकडे अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर राबणारा आपल्या समाजातला तरुण बाबासाहेबांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहील, तर त्याला ते फार जवळचे वाटेल.

लष्कराचे दार बंद झाले

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला, तेव्हा वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. लष्करी शाळेत ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. सकपाळांच्या घरात शिक्षण आले ते लष्करी नोकरीमुळे. पलटणीतल्या माणसाला आणि त्याच्या मुलांना शिकवावे लागे, म्हणून गावात ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत, त्यांची मुले छावणीत अक्षरे गिरवत होती. महार समाजातली पहिली शिकलेली पिढी अशी घडली.

पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कोरेगावच्या लढाईपासून ज्यांनी रक्त सांडले, त्यांना एका धोरणाने लढाऊ जातींच्या यादीबाहेर काढले. गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. रामजी सुभेदारांच्या पिढीने हा घाव स्वतः सोसला. सरकारच्या एका कागदाने संपूर्ण समाजाची रोजीरोटी आणि तिच्याबरोबर शिक्षणाची वाट कशी बंद होते, हे भीमरावांनी घरातच ऐकले.

निवृत्तीनंतर रामजी दापोलीला, मग साताऱ्याला आले. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलावाची खोदाई सुरू होती, तिथे त्यांनी रोखपालाचे काम केले. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एका खोलीत सगळा संसार आणि त्यातच अभ्यास. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले.

१९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोदा संस्थानच्या फौजेत नोकरी धरली. काही दिवसांतच वडील गंभीर आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला धावले. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी महाराजांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. अट एकच होती, परत आल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करायची. भीमरावांनी करारावर सही केली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा रस्ता धरला.

बडोद्याचे अकरा दिवस

कोलंबियात एम.ए. केले, प्रबंध लिहिला, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावे लागले. त्या काळी हिंदुस्थानात इतके शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले.

तिथे पहिला प्रश्न पडला तो राहायचे कुठे. चार वर्षे युरोप-अमेरिकेत राहिल्यावर आपण भारतात अस्पृश्य आहोत याची आठवणच जणू पुसली गेली होती, ती स्टेशनवर उतरताच जागी झाली. हिंदू खानावळीत जात विचारणार हे ठरलेलेच. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून ते राहू लागले. मोठी, अंधारी, रिकामी इमारत. बोलायला माणूस नाही. दिवसा कार्यालयात जायचे, तर तिथे शिपाई फायली हातात न देता टेबलावर दुरून फेकत. पिण्याच्या पाण्याचीही अडचण. परदेशातील पदव्या मिळवलेल्या अधिकाऱ्याला हाताखालचा अशिक्षित शिपाई विटाळ मानत होता.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका धर्मशाळेत शिरला. जागा विटाळली म्हणून त्यांनी शिव्या-धमक्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावले. भीमरावांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राचे दार ठोठावले. दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. संस्थानकडे राहण्याच्या जागेसाठी केलेला अर्जही मार्गी लागला नव्हता. सरकारी बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला. डोळ्यांना धार लागली होती. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

आज हा प्रसंग वाचताना केवळ हळहळून चालणार नाही. त्यातून एक धडा मिळतो, जो पुढे बाबासाहेबांच्या सगळ्या कामात दिसतो. नोकरीची ऑर्डर हातात पडली म्हणजे प्रश्न सुटत नाही. राहायला घर मिळाले नाही, पाण्याला हात लावता आला नाही, सहकाऱ्यांनी माणूस मानले नाही, तर ती नोकरी टिकत नाही. आजही पुण्या-मुंबईत आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना आडनाव सांगितल्यावर भाड्याची खोली नाकारली जाते, तेव्हा बडोद्याची ती धर्मशाळा अजून उभीच आहे असे म्हणावे लागते.

शिकवण्या, बुडालेला व्यवसाय आणि प्राध्यापकी

मुंबईत परतलेल्या भीमरावांपुढे घरखर्चाचा प्रश्न होता. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर आणि व्यापारविषयक सल्ला देणारा छोटा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान असताना तो चालायला हरकत नव्हती. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोकरी नसेल तर धंदा करा, असा सल्ला आज तरुणांना सहज दिला जातो. धंद्याला भांडवल लागते, ओळखी लागतात आणि गिऱ्हाईकाचा विश्वास लागतो. जात या तिन्ही ठिकाणी आडवी येते, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी फारसे मनावर घेतले नाही, पण थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांची मुले त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची तक्रार होतीच.

सरकारी नोकरीचे आणखी एक बंधन होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झाले, पण सरकारी नोकर असल्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव लावता आले नाही. पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव द्यावे लागले. पगारातली काटकसर करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडन गाठले. घरी रमाईंनी तुटपुंज्या पैशांत संसार ओढला. १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन ते परतले. आता कोणतीही मोठी नोकरी मिळू शकली असती, पण समाजासाठी बोलायला तोंड मोकळे हवे म्हणून त्यांनी वकिली पत्करली. अशील मिळवणे सोपे नव्हते. उत्पन्नाला जोड म्हणून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

परळच्या चाळीत आणि गिरणीच्या दारात

या काळात बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत. दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. आजूबाजूला गिरणी कामगार, गोदी कामगार, नगरपालिकेचे सफाई कामगार. त्यांची गाऱ्हाणी रोज कानावर येत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. कारण विचित्र होते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचे सूत स्पृश्य कामगाराला चालत नसे. विणाई खात्यात पगार चांगला होता, म्हणजे विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराची जागा राखून ठेवली जात होती. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल तर कामगारांनी आपल्याच भावाचा रस्ता अडवणे आधी थांबवले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले. वतनदार महाराला सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री कधीही बोलावले जाई. घरातला कर्ता नसेल तर बाप किंवा दुसरा कोणी जावे लागे. बदल्यात थोडी इनाम जमीन, गावकऱ्यांची मर्जी असेल तर बलुते, आणि पगार नावापुरता. कामाचे तास नाहीत आणि ठरलेली मजुरीही नाही, अशी ही नोकरी होती. लोकांना वतन म्हणजे मान वाटे, बाबासाहेबांना त्यात गुलामगिरी दिसली. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणूनच का राहतात, हा प्रश्न त्यांनी मांडला. साधे हमाल म्हणूनही त्यांना घेत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी तिथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही स्पष्ट केले.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. त्यात संपावर कडक बंधने होती. काम सोडणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी एकमेकांवर टीका करणारे हे दोन पक्ष कामगारांच्या हक्कासाठी एकाच मैदानात उतरले.

मजूरमंत्री बाबासाहेब

१९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते आले. बडोद्याच्या बागेत रडत बसलेला तरुण २५ वर्षांनी देशाच्या कामगारांचा मंत्री झाला होता. १९४६ पर्यंत ते या पदावर होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्येच सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय मजूर परिषद दिल्लीत भरली. कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये झाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, म्हणजे सहा दिवस रोज आठ तास. कामगार संघटनेला मालकाने मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मांडले गेले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. कोळसा आणि अभ्रक खाणींतील कामगारांसाठी कल्याण निधी उभे राहिले. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतीविषयक कायद्यात सुधारणा झाली. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले आणि कामगारांची घरे पाहून आले.

या कारकिर्दीत एक अवघड निर्णयही होता. युद्धाच्या काळात कोळशाचा तुटवडा पडला, तेव्हा स्त्रियांना खाणीच्या आत काम करण्यावरची बंदी सरकारने तात्पुरती उठवली. त्यावर कायदेमंडळात आणि बाहेर सडकून टीका झाली. बाबासाहेबांनी निर्णयाची जबाबदारी घेतली, तो आणीबाणीपुरता आहे हे सांगितले आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व त्यात पाळले गेल्याकडे लक्ष वेधले. १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी पुन्हा लागू झाली. कामगारांच्या बाजूच्या मंत्र्यालाही सत्तेत बसल्यावर किती ओढाताण सोसावी लागते, हे यातून दिसते.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी त्यांच्या खात्याने केलेले काम म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, आपल्याकडचे सेवायोजन कार्यालय. आधी तंत्रज्ञांसाठी आणि मग युद्धावरून परतणारे सैनिक आणि युद्धाच्या कारखान्यांतून कमी होणारे कामगार यांच्यासाठी ही केंद्रे उघडली. १९४५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संचालनालय झाले. पुढे ती सर्वांना खुली झाली. ओळख नसलेल्याला, वशिला नसलेल्याला जागा कुठे रिकामी आहे हे कळावे, हा त्यातला मोठा अर्थ होता. एक्स्चेंजचे कार्ड काढून कॉलची वाट पाहणारी १९७० - ८० च्या दशकातली पिढी आपल्या घराघरात आहे. त्या कॉलवर बँकेत, रेल्वेत, टपाल खात्यात लागलेल्या आई-वडिलांनी पुढची पिढी शिकवली.

मंत्री असतानाच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन दिले. केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींची माणसे नाहीत, परदेशी तांत्रिक शिक्षणाला पैसा नाही, सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटदारांतही आपली माणसे जवळपास नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. ज्या लष्कराचे दार रामजी सुभेदारांच्या डोळ्यांदेखत बंद झाले, तिथे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठीही बाबासाहेबांनी पाठपुरावा केला होता.

हक्क आणि भाकरी

१९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी बेकारीविषयी एक मूलभूत गोष्ट मांडली. बेकार माणसापुढे एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे मूलभूत हक्क ठेवले, तर तो नोकरी निवडतो. उपाशी मुले, थकलेले भाडे आणि सावकाराचा तगादा असला की माणूस बोलण्याचा, संघटना करण्याचा, स्वाभिमानाने जगण्याचा हक्क सोडून देतो. म्हणून बेकारीची भीती कायम ठेवणारी अर्थव्यवस्था लोकशाही पोखरते, हा त्यांचा निष्कर्ष होता. महत्त्वाचे उद्योग सरकारच्या हाती असावेत ही मागणी त्यातूनच आली. घटनेत ती जशीच्या तशी आली नाही. पण कलम १६ मध्ये सरकारी नोकरीतील समान संधी आणि राखीव जागा आल्या, कलम २३ ने वेठबिगार बंद केली, आणि मार्गदर्शक तत्त्वांत कामाचा हक्क, समान कामाला समान वेतन, प्रसूतीकाळातील मदत यांना जागा मिळाली.

याच काळात त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. कित्येक कारकून, शिपाई, कामगार आधी कॉलेजात आणि मग कामावर जात पदवीधर झाले.

पण नोकरी हे बाबासाहेबांच्या दृष्टीने शेवटचे ठिकाण नव्हते. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या वर्गाविषयी खंत बोलून दाखवली. शिकून मोठे झालेले लोक समाजाला हात देतील असे वाटले होते, ते आपले पोट भरण्यात गुंतले, हे त्यांचे दुःख होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी धम्म दिला. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे. कोणाला न लुबाडता, कोणाची हिंसा न करता मिळवलेली भाकरी, असा त्याचा साधा अर्थ. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

धम्म स्वीकारलेल्या समाजाला त्याची किंमत नोकरीच्या बाजारातही मोजावी लागली. अनुसूचित जातींची यादी धर्माशी बांधलेली होती. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत बौद्धांना राखीव जागा मिळाल्या त्या १९९० मध्ये कायदा बदलल्यावर. तेहतीस-चौतीस वर्षे दारे बंद असूनही लोकांनी धम्म सोडला नाही. बेकार माणूस हक्क सोडून देतो असे बाबासाहेबांनी लिहिले होते, त्यांच्या अनुयायांनी मात्र नोकरीवर पाणी सोडून स्वाभिमान राखला.

आज काय करायचे?

आज लढाईचे रूप बदलले आहे. जागा रद्द करायची गरज उरलेली नाही, ती भरलीच नाही किंवा कंत्राटाने भरली की आरक्षण आपोआप संपते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, तरुणांच्या रोषानंतर तो मागे घ्यावा लागला. पण नगरपालिकांत, रुग्णालयांत, विद्यापीठांत कंत्राटी पद्धत चालूच आहे. खासगी कंपन्यांत राखीव जागा नाहीत. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले तर दलित आडनावाला बोलावणे कमी येते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांच्या अभ्यासाने दाखवले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात कामाचे तास, संपाची पूर्वसूचना आणि कामावरून कमी करण्याची परवानगी याविषयी काय बदलले, हे प्रत्येक कामगाराने वाचले पाहिजे. १९३८ च्या संपाची आठवण त्यासाठीच ठेवायची.

आपल्या विहारांत वंदना होते, जयंतीला मिरवणूक निघते. त्याच विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ नोकरीच्या जाहिराती वाचायला, अर्ज भरायला, मुलाखतीची तयारी करायला देता येईल. कंत्राटी कामगाराची पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक तपासून देणारा एखादा निवृत्त कर्मचारी प्रत्येक वस्तीत असतो, त्याला बोलावता येईल. आरक्षणातून अधिकारी झालेल्यांनी दोन मुलांच्या फीची जबाबदारी घेतली, तर आग्र्याची खंत थोडी तरी हलकी होईल.

नोकरी न मिळालेल्या तरुणाने स्वतःला कमी समजू नये. कोलंबियाचा पदवीधरही एकदा रात्रीच्या गाडीने रिकाम्या हातांनी परतला होता. परतल्यावर त्याने अभ्यास सोडला नाही, आणि आपल्यासारख्या इतरांना एकटे सोडले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!